स्वातंत्र्यदेवीचा उजवा हात

तीर्थरूप ताई,

डाव्या हाताचा नमस्कार. (उजवा वर आहे. का ते कळेलच. अक्षर बघून 'हिला शाळेत कशाला घातलं' असं म्हणू नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? मी अगदी मजेत आहे.

बातमी अशी की मी स्वातंत्र्यदेवी झाले. मोठ्या चौकातल्या पुतळ्याचं काम यांना मिळालं (मूर्तिकाराच्या बायकोला हा धोका असतोच), आणि देवीसाठी बाई शोधायला बाहेर कोण जातो? घरात एक होतीच. तेव्हापासून चहा झाला की मी लाकडी खोक्यावर चढते. नजर क्षितिजावर, म्हणजे मोरीच्या दारावर. हात आभाळाकडे. हात सगळ्यात शेवटी करायचा असतो म्हणे, पण खांद्याचा ताण दिसायला हवा म्हणून मी तो आत्तापासून वर धरायचा. मशाल तयार नाही म्हणून हातात झाडू. उभं राहणं संपलं की तोच झाडू खाली येतो आणि देवी सगळी खोली झाडून काढते. पुतळ्याची माती सुकू नये म्हणून तिच्यावर ओली फडकीही मीच गुंडाळते, म्हणजे स्वतःला स्वतःच न्हाऊ घालते (माहेरी निदान तू तरी होतीस). खांदा अवघडून हात जरा खाली आला की हे मातीतून डोकं वर न काढता विचारतात, "कोणाला विचारून?"

त्यात पुतळ्याची समिती! सगळे पुरुष, आणि स्वातंत्र्य कसं दिसतं हे प्रत्येकाला पाठ. पायाशी तुटकी साखळी होती, तर तुटकं सामान भर चौकात बरं दिसत नाही म्हणून ती सांधली. एकाने गळा हनुवटीपर्यंत झाकायला लावला. दुसऱ्याला ओठ मिटलेले हवेत, नाहीतर देवी काहीतरी बोलतेय असं वाटतं. हे सगळ्याला मान डोलावतात (घरात ती मान फक्त आडवी हलते). आता गळ्यापर्यंत गुंड्या, तोंड बंद, पायात शाबूत साखळी, आणि खाली कोरायचं आहे 'मुक्त'.

बाकी सगळं छान. काळजी नसावी.

तुझी धाकटी
(आणि देशाची देवी)

ता. क. तुझ्याकडे आठ दिवस येऊ का म्हणून कितीदा विचारलं. "हात झाला की जा," म्हणतात. तुला बघून वर्षं लोटली गं, फार आठवण येते. तेवढी आजारी पड ना. गुडघे चालतील. यांच्या नावे पत्र घाल, जरा रडकं.

पुन्हा ता. क. आजारी पडू नकोस. आज सकाळी झाडू कोपऱ्यात ठेवला आणि म्हटलं, मी ताईकडे निघाले. "कोणाला विचारून?" म्हटलं, "विचारत नाहीये, सांगतेय." तेवढ्यात समिती दारात. देवीच्या उजव्या खांद्यातून अजून नुसती सळई बाहेर आलेली. अध्यक्षांनी बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "सळई कापा आणि अशीच राहू द्या. हात नसला की किती शांत वाटते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही.

उद्याच्या गाडीने येते, दोन्ही हात घेऊन. पडेल ते काम सांग, फक्त हात वर करायला सांगू नकोस.