श्रीपादाच्या सात खेपा

६ जानेवारी. कँडी.
फिनलंडहून प्राध्यापक आनेली आल्या. मुक्काम मार्चअखेरपर्यंत. त्यांना देश दाखवण्याचं काम डीननी माझ्याकडे दिलं. त्यांच्या विद्यापीठात आमच्या विभागातल्या एकाला वर्षभर बोलावणार आहेत. मी की विजेकून, हे जाण्याआधी त्याच ठरवतील. विजेकूनने काय पाहिलंय? मी सांगून टाकलं, हा देश माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. काम झाल्यात जमा. उद्यापासून पहाटे चालायचं.

७ जानेवारी
चाललो नाही. दव फार होतं.

१४ जानेवारी
दंतमंदिर. दारातच बुद्धाच्या दाताचा इतिहास सांगायला घेतला. चौथ्या राजापर्यंत येतो तोवर पूजा आटोपली, आतलं दार बंद. आनेली म्हणाल्या, दार सुंदर आहे. समाधानी दिसल्या.

२ फेब्रुवारी
सिगिरिया. त्या वर गेल्या. मी खाली थांबलो. एवढा कातळ समजून घ्यायचा तर लांबूनच बघावा लागतो.
परतताना त्यांनी विचारलं, श्रीपादाच्या डोंगरावर किती वेळा गेलात? बोलण्याच्या ओघात सात म्हणालो. त्यांना माझ्याबरोबर जायचं आहे.

रात्री
बायकोला, सोमलताला सांगितलं. म्हणाली, सात? अहो, माझ्या मामांबरोबर निघालात ते पायथ्याशी चहा पिऊन परत आलात, ती धरून का? वर घंटा आहे, ज्याच्या जितक्या खेपा तितके टोल. बुद्धाच्या पावलाशी उभं राहून खोटं वाजवणार?
म्हटलं, संशोधकाने स्थानिक चालीरीतींत ढवळाढवळ करू नये.
म्हणाली, स्थानिक तुम्हीच आहात.

१० मार्च. श्रीपाद.
उजाडताना निघालो. प्रकृती उत्तम. थोड्याच वेळात एका आजीबाईंना विचारलं, अजून किती राहिलं? सगळा घोळका हसला. या वाटेवर तो प्रश्न विचारत नाहीत. मलाही माहीत आहे. आजी म्हणाल्या, पहिलीच खेप का रे बाळा? मग तोंड मिट आणि दम पुरवून वापर. आनेली सिंहली शिकताहेत. त्यांना कितपत कळलं, कोण जाणे.
पहिल्या टपरीवर बसलो. आनेलींना म्हटलं, पहिलं दर्शन ज्याचं त्याने एकट्याने घ्यावं. त्या गेल्या. आल्याचा चहा चांगला होता.
दुपारी उतरल्या. म्हणाल्या, आधी माझा एक टोल दिला, मग तुमचे सात. मागची रांग ओरडत होती, अहो बाई, पुरे की, घंटा काय माहेरून आणलीत? पण तुमचे राहून गेले असते तर बरं दिसलं नसतं, डॉक्टर.
गहिवरून आलं. सात टोल पडले, रांगेने ऐकले. आता खोटं कसं म्हणायचं?
निवड पक्की. सोमलताला लोकरीचे कपडे बघायला सांगितलं.

२८ मार्च
निरोप समारंभ. आनेली बोलल्या. डॉ. हेरत यांच्यासारखा माणूस वर्षभर उचलून नेणं म्हणजे या देशावर अन्याय. विजेकून जाणार. त्याने म्हणे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मी कुठेच गेलेलो नाही.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

९ एप्रिल
डीनना आनेलींचं पत्र. त्यांच्या विभागातले सहा जण वैशाखी पौर्णिमेआधी येताहेत. श्रीपाद बघायचा आहे, डॉ. हेरत यांच्याबरोबरच. सगळे तरुण. वाटेत थांबत नाहीत.
सोमलताने लोकरीचे कपडे परत केले. त्या बदल्यात माझ्यासाठी बूट आणले.