समोरचे आपलेच आहेत

२४ मार्च, मंगळ.
सकाळी वन्संबरोबर लक्ष्मी गेटातून तलावापर्यंत. कडुनिंब फुललाय. वन्संनी बोराएवढ्या कैऱ्या वेचून पदरात बांधल्या, चैत्रगौरीच्या डाळीला म्हणे. म्हटलं, एवढ्यानं मुंगीचंही तोंड आंबट होणार नाही.
वाटेत शालिनी, समोरच्या घरातली नवी भाडेकरू. दिवाळीत तिचा नवरा गेला. केसांत मोगरा. तिच्यासमोरच मी वन्संना मराठीत, "सहा महिने झाले नाहीत, आणि हिला गजरे सुचतायत." ती हसली, "नमस्ते भाभीजी" म्हणून गेली. आमचं झाशीत हे असंच. कुणाला नावं ठेवायची तर मराठीत, दुकानात, ऑटोत, कुठेही. कुणाच्या बापाला कळतंय!

२६ मार्च
वन्संचा गुडघा दुखतोय, म्हणून एकटीच. तलावाच्या पायऱ्यांपाशी महुआचं, म्हणजे मोहाचं झाड. इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. फुलं वेचायला वाकले, तर पलीकडे शालिनी, पाठमोरी, फोनवर. "जेवते गं आई. तू सांगितलंस म्हणून गजराही माळला परवा... नको काळजी करू. समोरचे आपलेच आहेत, मराठी."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच मागे फिरले. माझं बोलणं तिनं आईला सांगितलं नाही, उलट माझाच आधार सांगितला.

२८ मार्च, शनि.
चालायला गेले नाही. हे म्हणाले, "ती ग्वाल्हेरची, माहेर मराठी. मला माहीत होतं." मग सांगायचं ना! "तू विचारलंस कधी?"

३१ मार्च
आज गाठ पडलीच. तोंडातून निघालं ते हिंदीच, "उस दिन जो मुँह से निकल गया..." ती म्हणाली, "वहिनी, मराठीतच बोला ना. हवं तर रागवा. सासरी कुणाला येत नाही, बोलायला कुणी नाही मला." तिचं मराठी माझ्याहून चांगलं. माफी राहिलीच. कडुनिंबाच्या मोहरावर काहीतरी बोलून आले.
संध्याकाळी वन्संना म्हटलं, शुक्रवारी शालिनीलाही बोलवू. "हळदीकुंकवाला? तिला? आईनं कधी कुणा विधवेला बोलावलं होतं का?"
घर माझं, गौर माझी. तरी वन्संचंच ऐकलं. लाज वाटते लिहायला.

३ एप्रिल, शुक्र.
ह.कुं. बैठक भरलेली. वाटीत डाळ, पेल्यात पन्हं, वर ताटली झाकून मागच्या दारानं तिच्याकडे नेलं. माझीच डाळ, आणि चोरासारखी नेली. तिनं दारातच उभ्यानं खाल्ली. "आमच्याकडे आई थोडी साखर घालते," म्हणाली, आणि डोळे पुसले.
मग, "गौर मांडलेली असेल ना अजून? नुसती बघून जाते, वहिनी. कुंकू नको मला."
आमच्या बैठकीतून वन्संचा आवाज रस्त्यावर येत होता. तिनं चपला घातल्या, दार ओढून घेतलं. पायरी उतरली तरी मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. तिच्यामागून मीही रस्ता ओलांडला, आमच्या पुढच्या दाराकडे.