सीट आपोआप खाली जाते

३ नोव्हेंबर, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. नियमित.
काल सईचा पुण्याहून फोन आला. मार्चमध्ये ती तीन वर्षांसाठी जर्मनीला चालली आहे. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस घरी येणार. म्हणाली, "बाबा, आपलं म्हैसमाळ राहिलंय." ती चौथीत असताना मी शब्द दिला होता, मोठी झालीस की सायकलवर म्हैसमाळच्या डोंगरावर नेईन. पुढं माझं ऑफिस, तिची दहावी, परत माझं ऑफिस. पाटबंधारे खात्यातल्या आरेखकाला वेळ कुठून असणार?
मी म्हणालो, नक्की जाऊ. मी तर रोज सायकल चालवतो.
हे वाक्य तोंडातून कसं निसटलं कळलं नाही. पण साडेतीन महिने हातात आहेत. तेव्हा ते खोटं नाही, ॲडव्हान्समध्ये खरं आहे.

५ नोव्हेंबर
सायकल आणली. गिअरची. दुकानदार राजकुमारनी सीट माझ्या उंचीला लावून दिली. उमाने विचारलं, चालवणार कोण? आमच्या लग्नाआधी ती सायकलवर कॉलेजला जायची, हे तिनं परत एकदा सांगितलं. तेव्हा गिअर नव्हते. तो विषय वेगळा.
सईने तिच्या जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीजवळचा व्हिडिओ पाठवला. टेकड्या, द्राक्षबागा, मधून सुनसान रस्ता, दोन म्हातारे सायकलवर. हॉर्न नाही, कुत्रं नाही. मी उत्तर दिलं, आपल्या दौलताबादला हेच आहे, फक्त जाहिरात नाही.

६ नोव्हेंबर, पहाटे ५
उमाने उठवलं. गार होतं. सर्दी झाली तर आठवडा जाणार. झोपलो.

६ नोव्हेंबर, दुपारी
आमच्या गारखेड्यापासून म्हैसमाळपर्यंतचा नकाशा ग्राफ पेपरवर काढायला घेतला. छावणी, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, घाट, खुलताबाद, म्हैसमाळ. एकूण चाळीस किलोमीटर. पाया पक्का हवा.

१९ नोव्हेंबर
नकाशा पूर्ण. घाटाचा चढ लाल शाईत. कागदावर चढ फार किरकोळ दिसतो.
आज प्रत्यक्ष सुरुवात करायला खाली गेलो तर सीट चार बोटं खाली. गुडघे हनुवटीला लागतात. स्क्रू ढिला असणार. वर घेतली. त्यात दमलो. परत आलो.

२७ नोव्हेंबर
सीट परत खाली. राजकुमारकडे नेली. त्यानं घट्ट केली आणि म्हणाला, साहेब, ही आपोआप नाय जात. पक्का दुकानदार, चूक कबूल करणार नाही.

४ डिसेंबर
कॉलनीत दोन फेऱ्या. मांड्या दुखतात. म्हणजे स्नायू तयार होताहेत. दोन दिवस विश्रांती.

१३ डिसेंबर
विश्रांती चालू.
उमाने दोन ट्रॅक पँट आणल्या. टीव्ही बघायला मोकळं बरं पडत असेल. घरात मिटमिट्याचे पेरू आले होते, झाडावरून काढल्यासारखे. हातगाडीवाले आता फार सकाळी येतात वाटतं. मला एकही दिसला नाही.

२८ डिसेंबर
जेवताना सहज म्हणालो, शरणापूर फाट्यापुढं रस्ता खराब असेल. उमा म्हणाली, नाही, आता चांगला केलाय, फक्त पुलाजवळ खडी आहे. पेपर बारकाईनं वाचते.

१ जानेवारी
संकल्प. रोज पहाटे पाच. अपवाद नाही.

२ जानेवारी
अपवाद.

१० जानेवारी
सीटच्या नळीवर एक लाल टिकली चिकटवलेली दिसली. कंपनीचं क्वालिटी मार्किंग असावं. सीट नेमकी त्या खुणेपर्यंतच खाली येते, तेव्हा हा कंपनीचाच दोष आहे. तक्रारीचा मसुदा केला. दोन पानं झाली. थकलो.

१८ जानेवारी, संध्याकाळी ६
ऐतिहासिक दिवस. सईने पाठवलेलं सायकलिंगचं ॲप चालू करून निघालो. त्यातली नोंद तिलाही दिसते. छावणीपर्यंत उत्तम. मिटमिट्याला जरा डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात सांडूचा टेम्पो आला. सांडू आमच्या ऑफिसात ड्रायव्हर होता, आता घाटाच्या पायथ्याला त्याची द्राक्षबाग आहे. त्यानं सायकल मागं कॅरेटवर टाकली. त्याला खुलताबादला माल पोचवायचा होता. म्हटलं, रस्त्याचा सर्व्हे होईल.
वाटेत त्याला सांगितलं, सांडू, तुमचा भाग म्हणजे आपलं वाईन कंट्री. तो म्हणाला, "साहेब, वाईन-बिईन काय नाय. माल व्यापारी नेतेत, उरला तर बेदाणा." दृष्टी नाही. उमाबाईंची तब्येत लई चांगली झाली, असंही म्हणाला. त्यानं तिला माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर पाहिलेलं नसणार. भला माणूस.
येतानाही त्यानंच सोडलं. ॲप बंद करायचं राहिलं.

१९ जानेवारी
सईचा मेसेज. "बाबा, घाटात चढावर ४४ चा स्पीड?" प्रश्नचिन्ह कौतुकाचं आहे. बासष्ट किलोमीटर नोंदले गेले आहेत. मशीनने दिलेली नोंद मी कशी खोडणार?

३ फेब्रुवारी
अंगात कणकण. उमा अलीकडे भाकरी एक जास्त खाते आणि जिना गाणं म्हणत चढते. एकाच घरात दोन माणसांची तब्येत इतकी वेगळी कशी?

१४ फेब्रुवारी
सई आली. स्वतःची सायकल घेऊन. वाळली आहे. म्हैसमाळ रविवारी, बावीसला. सांडूचा टेम्पो मागं राहील, उमा डबा, पाणी, केळी घेऊन टेम्पोत बसेल. योजना माझी. सईला नकाशा दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि घडी करून बॅगेत ठेवला. म्हणाली, हा मी तिकडे नेते. भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही. कोणी वाचत नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
मिटमिट्यापर्यंत बोलत गेलो. शरणापूरच्या पुढं मी बोलणं थांबवलं. दौलताबादला सई दोनदा थांबून वळून पाहत होती. शाळेच्या रस्त्यावर मी तिच्यासाठी थांबायचो, अगदी तसं. घाटाच्या पायथ्याला सांडूच्या बागेशी उतरलो ते परत बसता येईना. मी चेनला दोष दिला. मग सीटला. मग ऊन.
सईने मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आज टेम्पोत बसलास तर ॲप बंद कर."
म्हणजे तिला महिनाभर माहीत होतं. मी मान खाली घातली. म्हणालो, रोज चालवत नव्हतो गं. ती म्हणाली, माहितीय.
तेवढ्यात उमा टेम्पोतून उतरली. ट्रॅक पँट, पायात बूट. बूट केव्हा घेतले? माझी सायकल धरली, सीटखालचा खटका एका हातानं उघडला आणि सीट सर्रकन टिकलीपर्यंत खाली आणली.
ती म्हणाली, "पहिल्या दिवशी उठवलं, तुम्ही उठला नाहीत. सायकल नुसती उभी होती. रोज परत वर घ्यायची विसरायचे, तेवढं चुकलं."
दोघी निघाल्या. मी टेम्पोत. सांडू पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागं. दोन्ही बाजूंना द्राक्षं उतरवणं चालू होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं, हॉर्न नव्हता, व्हिडिओत होतं तसंच सगळं. सांडू म्हणाला, "बाई आठवड्याला दोनदा दिसतेत इथं. मला वाटलं, तुम्हाला ठावं असंल." मी म्हणालो, ठावं होतं.
एका वळणावर सई हसताना ऐकू आली. उमा काहीतरी सांगत होती. काय ते काचेमुळं कळलं नाही. खूप वाईट वाटलं. आणि उमा उभी राहून पॅडल मारत होती, ते बघायला बरंही वाटलं.
म्हैसमाळला तिघांनी डबा खाल्ला. सई म्हणाली, शब्द पाळलास, आणलंस. मी डबा आवरायला घेतला.

२२ फेब्रुवारी, रात्री ९
सई उद्या दुपारी पुण्याला जाणार. खाली जाऊन सायकल पुसली. सीट वर घेणार होतो. टिकलीवर ठेवून आलो.
संकल्प. पाचचा गजर लावला आहे. उमा निघायच्या आधी दोन्ही चाकांत हवा भरून द्यायची. एवढं मला जमेल.

२३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
दोघी जाऊन आल्या. हवा उमानेच भरली.