शनिवारचे सहा किलोमीटर

३ मार्च, मंगळवार

मीटर २९,४१७. कालचाच आकडा. ही गेल्याला सात महिने झाले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही — आकडा हलणार कसा? तरी खाली जाऊन बघितला.

कापड काढून पुसली, परत झाकली. एकतीस वर्षांची गाडी. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, लाल. घेतली तेव्हा मी म्हणालो होतो, हे खेळणं आहे. ही म्हणाली, हो, आणि माझं आहे. मी कधी चालवली नाही. शिकलोच नाही.

लेकीने जेवताना पुन्हा विषय काढला. तिला गाडी हवी आहे, पण बदलून. अपघातानंतर तिच्या डाव्या गुडघ्यात सळई आहे, क्लच दाबायला पाय साथ देत नाही. म्हणून गिअरच्या दांड्याला एक मूठ बसवायची, ती हाताने दाबली की क्लच दबतो. त्यासाठी दोन सीटांमधलं कव्हर कापावं लागेल, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडावं लागेल. मी म्हटलं, बिनक्लचच्या गाड्या मिळतात बाजारात.

"मिळतात. मला आईची हवी आहे."

इतकी वर्षं बसने जाते-येते, कधी तक्रार नाही. मग आत्ताच का? विचारलं नाही. कागद आता माझ्या नावावर आहेत, सही माझी लागेल. घाई कशाला.

५ मार्च, गुरुवार

मेहुणे आले होते. बहिणीच्या आजारपणात दोनदा आले, गाडीसाठी ही चौथी खेप.

जुन्या गाड्या जपणारी कुठली मंडळी आहे, त्यात ते नव्याने शिरले आहेत. म्हणाले, एकतीस वर्षांत एकोणतीस हजार किलोमीटर, रंग मूळचा, सीट मूळच्या — अशी कोरी गाडी दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाही. त्यांच्या प्रदर्शनात ठेवायची, काचेवर ताईचं नाव लावायचं. "दाजी, एक स्क्रूसुद्धा हलवू देऊ नका. भोक पडलं की संपलं."

लेक आतून म्हणाली, "मामा, नाव काचेवर आणि माणूस बाहेर. हे बरं आहे."

मला मेहुण्यांचं पटतं, हे इथे लिहून ठेवतो. हिने जपली तशीच राहावी. त्या आकड्यात हिचा हात आहे. पण मेहुणे फार कळकळीने बोलतात. जो दुकानदार आपणहून वजन पुढे करायचा, त्याचं वजन मी आधी उलटं करून बघायचो. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढली ती काही उगाच नाही.

८ मार्च, रविवार

मिस्त्री गाडी बघून गेले. पुलापलीकडे त्यांचं गॅरेज आहे, गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची. लेकीने बोलावलं होतं.

अर्धा तास गाडीभोवती फिरले, आत बसले, खाली वाकले. काम होईल म्हणाले, आठ दिवसांचं आहे. मग हात पुसता पुसता म्हणाले, "साहेब, एक सांगू का? ही गाडी एकोणतीस हजारांची नाही."

मला वाटलं, कमी सांगतायत. म्हणाले, कमी नाही, दीड-दोन लाखांच्या घरात असेल. क्लचच्या पेडलचं रबर दाखवलं. रेघा पार गेल्या आहेत, पाट्यासारखं गुळगुळीत. स्टीअरिंगही वर डाव्या बाजूला घासून चकचकीत.

लेक शेजारीच उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

९ मार्च, सोमवार

झोप नाही. सरळ हिशेब आहे — गाडी कोरी नाही असं ठरलं की कापायला कोणाची हरकत राहत नाही. मिस्त्रींना काम मिळतं, लेकीला गाडी. दोघांचं संगनमत.

रबर काय, कुठल्याही भंगारातलं आणून लावता येतं.

१० मार्च, मंगळवार

स्वतः तपासलं. भिंग आणि बॅटरी घेऊन पेडलपाशी उताणा झोपलो, पाय दाराबाहेर. शेजारच्या काकू खाली उतरल्या होत्या, त्यांनी विचारलं, "पडलात का?" म्हटलं, नाही, काम चाललंय. तरी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मीटरचं झाकण मूळचं, स्क्रूंना ओरखडा नाही. मागचं सीलही शाबूत. म्हणजे आकडे फिरवलेले नाहीत. क्षणभर बरं वाटलं. मग मागून येणारी तार बघितली. चाकं किती फिरली हे मीटरला सांगणारी ती तार एका गोल पितळी नटाने बसवलेली असते. नटाच्या कडेला बोटांची पकड यावी म्हणून बारीक दाते असतात. दाते नाहीत. झिजून गेलेत. आजूबाजूला एकतीस वर्षांची धूळ आणि तो नट अंगठीसारखा लख्ख.

आकडे फिरवायची गरजच नव्हती. नट सैल करायचा, तार ओढायची, हवं तेवढं जायचं. घराजवळ आलं की लावायची. एकदा नाही, शेकडो वेळा.

पंपांची मापं, सोनारांचे काटे, भाजीवाल्यांची तळाला पोखरलेली वजनं — सगळी पकडली. "साहेब, सील उंदराने कुरतडलं हो," असं सांगणारे किती बघितले. आणि माझ्याच घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दर शनिवारी दहाला जायची, दोनला यायची. विचारलं तर, वाचनालयात. वाचनालय इथून तीन किलोमीटर. जाऊन येऊन सहा. संध्याकाळी कापड घालताना मी आकडा बघायचो, सहा वाढलेला असायचा. सहा, कधी सात. पेट्रोल ती स्वतः भरायची, ते मी कधी बघितलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

वाचनालयात गेलो. टेबलावरच्या बाई हिला ओळखत होत्या. वाईट वाटलं म्हणाल्या. मी विचारलं, शनिवारी बराच वेळ बसायची ना? म्हणाल्या, नाही हो, महिन्यातून एखादा शनिवार, पुस्तक बदलायच्या आणि निघायच्या. पायात भिंगरी होती त्यांच्या.

मनात एक आलं. इथे लिहीत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

लिहितो. कोणी पुरुष होता का?

१४ मार्च, शनिवार

मेहुण्यांना फोन केला. गाडीचं बोलायचं आहे म्हणून सुरुवात केली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं — शनिवारची ही तुमच्याकडे यायची का? ते हसले. म्हणाले, ताईला तुमच्याकडून सुट्टी मिळाली तर येणार. मग एकदम थांबले. खोकला काढला.

तार काढलेली असायची, हे मी सांगून टाकलं. आवाज खाली आणून म्हणाले, "दाजी, सील शाबूत आहे ना? मग झालं. तुम्ही नाही बोललात तर कोणाला कळणार आहे?"

नेमकं हेच वाक्य. चौतीस वर्षांत किती दुकानदारांच्या तोंडून ऐकलं, मोजदाद नाही. प्रत्येकाचं दुकान मी बंद केलं होतं.

फोन ठेवला. बहिणीचं नाव खोट्या आकड्यावर चिकटवून लोकांपुढे ठेवायला निघालेत. त्यांना गाडीत रस, बहिणीत नाही. की त्यांनाही आधीपासून ठाऊक होतं?

१५ मार्च, रविवार

लेकीला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. आई शनिवारी कुठे जायची? किती वाजता निघायची हे मला माहीत आहे, कुठे ते सांग. बरोबर कोण असायचं? तू कधी गेली होतीस? गेलीस तर मला का नाही सांगितलं?

तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारताय की चौकशी करताय?"

म्हटलं, दोन्ही एकच.

"तेच तर."

आत गेली. रात्री माझ्या ताटात वाढलं मात्र रोजच्यासारखंच.

१७ मार्च, मंगळवार

माझ्या जुन्या वह्या काढल्या. ही रोजनिशी नव्हे, मोजणीच्या वह्या. घरातलं विजेचं मीटर, पाण्याचं मीटर, गाडीचं मीटर. सवयीने लिहायचो. कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली आठ वर्षं शनिवारचे आकडे कसेही आहेत. ११२. ६७. १४०. ९. समोर माझी टिपणं — "विचारलं. मैत्रीण." "विचारलं. रस्ता बंद होता म्हणाली." "विचारलं. बोलली नाही." मग एक पान. ४१. समोर लिहिलंय, "वाचनालय जाऊन-येऊन सहा. ४१ कसे? दोनदा विचारलं. म्हणाली वळसा पडला. पटत नाही."

पुढचा शनिवार, ६.

त्यापुढचा, ६. मग ७. मग ६. तेवीस वर्षं. मधेच एका ठिकाणी मी लिहिलंय, "गाडी जपू लागली आहे. चांगलं."

अक्षर माझंच आहे.

२१ मार्च, शनिवार

पुलापलीकडे गेलो, बसने. मिस्त्री एका जीपखाली होते. बाहेर आले, स्टूल दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, नट बघितला मी. ते म्हणाले, वाटलंच होतं, तुम्ही बघणारच.

मग त्यांनी सांगितलं. "बाईंनी माझ्याकडूनच शिकून घेतलं. म्हणाल्या, मिस्त्री, घरी दर शनिवारी तपासणी असते. मला वाटलं थट्टा करतायत."

विचारलं, त्या दिवशी का नाही बोललात? म्हणाले, गाडीचं सांगायचं ते सांगितलं, बाईंचं सांगायला मी कोण.

जायची कुठे, हे विचारायला चहा संपावा लागला.

"कुठेच नाही. मोठ्या रस्त्याला लागायच्या, सरळ. पेट्रोलचा काटा एक घर उतरला की वळायच्या. येताना कधी माझ्याकडे थांबायच्या, इथेच, या स्टुलावर. तार लावून द्या म्हणायच्या, माझे हात गार पडलेत." कपबशी उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकट्याच असायच्या, साहेब."

हे मी विचारलं नव्हतं. विचारणार होतो, हे त्यांना दिसलं असणार.

कोणी असता तर बरं झालं असतं, असं परत येताना बसमध्ये वाटलं. माणूस असता तर त्याच्यावर रागावता आलं असतं. ही कोणाकडे जात नव्हती. नुसती जात होती.

२२ मार्च, रविवार

आज लेकीला काही विचारलं नाही. भाजी निवडायला बसली होती, समोर जाऊन बसलो. शेंगा सोलू लागलो. पावणेदहापासून साडेदहापर्यंत दोघंही गप्प.

मग तीच म्हणाली, तिला आईने दोनदाच नेलं होतं. तार काढताना आई शाळेला दांडी मारलेल्या मुलीसारखी हसायची. रागाने नाही जायची, हे तिने दोनदा सांगितलं. "येताना किती छान असायची. तुम्हालाही ठाऊक आहे, बाबा. शनिवारी संध्याकाळी ती कशी असायची."

ठाऊक आहे. गुणगुणायची. मला वाटायचं, पुस्तकांनी बरं वाटतं तिला.

२३ मार्च, सोमवार

सही केली. मेहुण्यांना कळवलं की गाडी प्रदर्शनात जाणार नाही. म्हणाले, पस्तावाल, एकदा कापली की पुन्हा जोडता येत नाही. म्हटलं, खरं आहे.

२ एप्रिल, गुरुवार

गॅरेजमध्ये जाऊन बघून आलो. कव्हर कापलंय, पत्र्याला भोक पडलंय, त्यातून नवी तार गेली आहे. बघवलं, नवल आहे. गिअरला ती मूठ बसवली आहे, सायकलच्या ब्रेकसारखी. लेकीने दहा-बारा वेळा दाबून बघितली, गुडघा हललासुद्धा नाही. तिच्या परवान्यावरही तशी नोंद करून घ्यायची आहे, ते ती बघते आहे.

मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन विचारलं, मीटरचा नट नवा टाकतोय, पान्याने पक्का आवळून टाकू?

म्हटलं, नको. हाताने सुटेल इतपतच ठेवा.

२५ एप्रिल, शनिवार

लेक सकाळी गेली. दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे तिला — जानेवारीतच ठरलं होतं. खोलीही घेतली आहे. गाडी तयार होण्यासाठी थांबली होती. मला काल सांगितलं. बॅगा दोनच, त्या गाडीत तेवढ्याच मावतात.

किती लांब, हे मी विचारलं नाही. गाडी सुरू करून तिने काच खाली घेतली आणि आपणहून सांगितलं.

दोनशे चाळीस.