सुपातल्या सात्या

मामाजी, तुम्ही होता तोवर, एक दिवस सोडला तर, मी तुमच्याशी दाराआडूनच बोलत आले, तेही माझ्या सासूच्या, आत्याबाईंच्या, तोंडून. आता तुम्ही नाही, आत्याबाई नाहीत आणि ते दारही नाही. त्या जागी तुमच्या नातवानं सिमेंटचं घर बांधलंय. तेव्हा समोरासमोर बोलायला हरकत नसावी. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी तुमची सून होऊन फुलचूरला तुमच्या घरी आले. कुडव्याच्या धानकऱ्याची पोर मी. माझ्या माहेरच्या कोठीत धान असायचं, तुमच्या कोठीत मेलेली झाडं होती. तुम्ही कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायचात. तिथलं छप्पर गळतं म्हणून झाडांचा सगळा संग्रह घरी आणला होता. छतापर्यंत कपाटं, कपाटांत जाड कागद आणि कागदांवर चिकटवलेल्या फांद्या, पानं, फुलं. अळंब्या चिकटवता येत नाहीत म्हणून त्या वाळवून पुड्यांत ठेवलेल्या. तुम्ही त्याला हर्बेरियम म्हणत होता, आत्याबाई 'सुकं जंगल' म्हणायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्या घरात मी पहिला शब्द वाचला तो त्या कागदांवरचा, तांबड्या शाईतला: विष. कीड लागू नये म्हणून तुम्ही प्रत्येक झाडाला स्पिरिटात कालवलेला रसकापूर, पाऱ्याचं विष, लावायचात, हे मला नंतर कळलं. पण तो शब्द वाचला त्या दिवसापासून मी तुमच्या घरात तांदूळ पुन्हा पुन्हा धुवायला लागले. डांबरगोळ्यांचा वास भातालाही येतोय असं वाटायचं.

घराचा नियम एकच होता आणि तो तुम्हीच घातलेला होता. कोठीतली वस्तू चुलीकडे यायची नाही, चुलीकडची कोठीत जायची नाही. तुमचा पाण्याचा गडवा वेगळा, तुमचं फडकं वेगळं, चाळणीसुद्धा वेगळी. आणि तो नियम मोडला कुणी, तर तुम्हीच. त्या पावसाळ्यात सात्या उदंड निघाल्या. वारुळांवर या अळंब्यांच्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या. लोकांनी टोपल्या भरभरून आणल्या, खाल्ल्या आणि उरलेल्या वाळत घातल्या. कलकत्त्याच्या मोठ्या संग्रहालयाला इथल्या खायच्या अळंब्या हव्या होत्या, म्हणून तुम्हीही आणल्यात. त्या ओल्या असतानाचा रंग लिहून घेतलात, वास लिहून घेतलात, त्या विषात बुडवून काढल्यात. तुमच्या चाळण्या भरलेल्या होत्या, म्हणून आत्याबाईंचं सूप उचललंत आणि त्यात सात्या पसरून दारापुढच्या सपरीत वाळत ठेवल्यात. सुपावर ना चिठ्ठी, ना तांबडी शाई. नंतर कधीतरी आत्याबाई म्हणाल्या होत्या, "दुनियेले सोवळं शिकवते आन् आपला हात कुठं जाते थे पाहात नाही."

त्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ आला होता. आईनं गंजभर, मोठं पातेलंभर, लाखोळीची डाळ पाठवली होती. आपल्याकडे आलेला गंज कुणी रिकामा परत करत नाही. आत्याबाईंनी डाळ काढून घेतली, इकडंतिकडं पाहिलं, सपरीतलं सूप पाहिलं. स्वतःचं सूप, सात्या वाळलेल्या. सुपातलं गंजात ओतलं आणि भाऊ सायकलीवर टांग टाकून गेला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. आम्ही दोघी दुपारपर्यंत हसतच होतो, माझ्या भावाला फुटलेल्या मिशांवरून.

तुम्ही कॉलेजातून आलात, सपरीत थांबलात आणि विचारलंत, "सूप कोणी रिकामं केलं?" आवाज अगदी हळू होता. आत्याबाई म्हणाल्या, "मी केलं. व्याह्याच्या घरी रिकामा गंज धाडू का?" तुम्ही भिंतीला हात टेकलात. मग तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहून माझ्याशी बोललात. "तुझी आई सात्या ओळखते?" मी मान हलवली. आमच्या गावात तिच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. "मग संपलं," तुम्ही म्हणालात. तेव्हा मला अर्थ लागला. परकी अळंबी असती तर आईनं फेकली असती. या खऱ्या सात्या होत्या. ती ओळखणार होती आणि म्हणूनच शिजवणार होती.

सून सासऱ्याच्या सायकलीवर मागं बसून गावातून गेली, हे फुलचूरला पुढं किती वर्षं चघळलं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाजारात तुम्ही अंडी घेतलीत. घरात अंड्याचं टरफलसुद्धा न चालणारे तुम्ही. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, आप? अंडे?" तुम्ही पैसे टाकलेत आणि अंडी माझ्या पदरात दिलीत. "पोटात गेलं असेल तर अंड्यातलं पांढरं पाजायचं. लवकर पाजलं तर." रेल्वेचं फाटक बंद होतं. मँगनीज भरलेली मालगाडी जात होती, एकेक डबा असा जात होता की जणू बैल जुंपलेत. मी पदरातली अंडी धरून एकच हिशोब करत होते: सुक्या सात्या भिजवाव्या लागतात, दुपारी भिजवल्या असतील तर रात्री शिजतील, पण थोरल्या भावाच्या पोराला सुक्याच चघळायची सवय आहे. तुम्ही विचारलंत, "घरी लहान कोण?" मी सांगितलं. तुम्ही फाटकाच्या दांड्यावर बोटं आपटत राहिलात.

आई अंगणात होती, धडधाकट. पोरगं मातीत खेळत होतं. मी रडायलाच लागले. आई घाबरली, तिला वाटलं तुम्ही मला कायमची सोडायला आलात. तुम्ही गंज कुठं आहे विचारलंत, तर म्हणाली, "थो गंज तं बाजूच्या बुढीचा होता जी. तिचाच मागून डाळ धाडली होती. आता रिकामा कसा देऊ? सात्यासकट देऊन टाकला." तुम्ही मला दंडाला धरून तिकडं नेलंत. म्हातारीच्या घरात चुलीशेजारी तो गंज पाण्यानं भरून ठेवलेला होता, सात्या फुगून वर आल्या होत्या आणि तिची नात गंजात हात घालून बसली होती. तिच्या मुठीत एक तुकडा होता. तुम्ही तिच्या तोंडात बोट घालून पाहिलंत. पोरगी किंचाळली. "खाल्लं का? सांग, खाल्लं का?" ती नुसतीच रडत होती. तुम्ही तिथंच अंडं फोडलंत आणि पांढरं तिच्या घशात ओतलंत.

म्हातारी उभी राहिली. "काऊन जी मास्तर? सात्याच आहेत, मी का ओळखत नाही?" मी तुमच्या तोंडाकडं पाहत होते. आता तुम्ही तो शब्द बोलणार. तुम्ही हात जोडलेत. "चुकून आल्या. आमच्याकडे कमी पडल्या. परत नेतो." म्हातारीनं आख्खी गल्ली गोळा केली. "देलेली वस्तू वापस नेऊन राहिला हा मास्तर! घरी खायले नाही का जी? न्या, गंजही न्या!" माझ्या आईची मान खाली गेली. तुम्ही गंज उचललात, उरलेली अंडी चुलीपाशी ठेवलीत. पुढं कितीतरी सकाळी तुम्ही सायकल मारत कुडव्याला जायचात, लांबून ती पोरगी खेळतेय का बघायला, आणि लोक म्हणायचे, मास्तर आणखी काही वापस न्यायले आला. ती जगली. आता तिला नातवंडं आहेत.

गल्लीच्या तोंडाशी मी पहिल्यांदा तुम्हाला विचारलं, "खरं कायले नाही सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "विष म्हटलं की ते तुझ्या सासरनं धाडलेलं विष झालं. मग तू कुठली राहिलीस, इथली की तिथली?" त्याचा मला अजूनही राग येतो. आई मात्र शेवटपर्यंत तुम्हाला चिक्कू समजत गेली. मध्यंतरी तुमचा नातू सांगत होता, तुमचे कागद आता त्या मोठ्या संग्रहालयात आहेत आणि अजून हातमोजे घातल्याशिवाय कुणी त्यांना हात लावत नाही. रसकापूर उडून जात नाही म्हणे. ते ऐकून मी आत जाऊन हात धुतले. या वयात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, उशाखाली राहील. पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, सून शहाणी आहे, माहेरी एका शब्दानं न बोलता परत आली. मामाजी, मी परत येणारच नव्हते. त्या गल्लीच्या तोंडाशी मी ठरवलं होतं की आता मागं फिरायचं, आईच्या घरात शिरायचं, त्या विषाच्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तुम्ही एका हातात सायकल आणि एका हातात तो काठोकाठ गंज धरून पुढं चालला होता. पाणी कुठं ओतणार? इथं कोंबड्या, तिथं विहीर, पुढं सगळ्या धानाच्या बांध्या. सायकल खाचखळग्यात अडखळली की पाणी काठावर येऊन लागत होतं. मी धावत आले आणि तुमच्या हातून गंज घेतला. फाटकापर्यंत नेऊन देईन आणि फिरेन, एवढंच मनात होतं. फाटक उघडं होतं, तुम्ही थांबला नाहीत, आणि गंज खाली ठेवायला मला कुठं जागाच सापडली नाही.