तीनशेपैकी तीनशे

४ मे १९८७, सोमवार. बो बासें

नवी वही. जुनीतले संकल्प जुने झाले होते.

आज मिस्ये हरिलालनी दोघांना केबिनमध्ये बोलावले. आमच्या ऑफिसात मालक तेच आणि टायपिस्टही तेच. म्हणाले, एकुते, नीट ऐका, तीस जूनला दोघांचे प्रोबेशन संपते आणि जागा एकच कायम करता येईल.

दुसरी व्यक्ती म्हणजे इंद्राणी. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. एचएससीला गणितात डिस्टिंक्शन, आणि ती हे कधी बोलून दाखवत नाही. हाच तिचा गर्व.

काम: बों अक्योय गावच्या ऊस-वजनकाट्यासाठी प्रोग्रॅम. लॉरी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर, आणि शेतकऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी. प्रोग्रॅमचे सुटे भाग इंद्राणी लिहिते. ते तपासायला लागणारे छोटे मदतनीस प्रोग्रॅम मी लिहितो. एक खोटी वजने भरवतो, एक निकाल ताडून पाहतो, एक चुका मोजतो. म्हणजे ती परीक्षेला बसते आणि मी परीक्षक. मी शाळा फॉर्म फाइव्हनंतर सोडली, पोस्टाने येणाऱ्या कोर्सचे बारापैकी सात धडे केले. परीक्षकाने स्वतः पास असावे असा नियम कुठे लिहिलेला नाही.

संकल्प: मे अखेर इंद्राणीच्या शंभर चुका.

७ मे

पहिली चूक! लॉरीचे वजन उणे तीस हजार पाचशे छत्तीस किलो. लाल पेनने नोंद केली, मिस्येंना कळवले, सगळ्यांना ऐकू जाईल असे कळवले.

इंद्राणीने येऊन पाहिले. म्हणाली, तिचा भाग ठीक आहे. माझ्या मदतनीसात आकड्याला जागा कमी ठेवली आहे, बत्तीस हजारांच्या वर गेला की तो उलटतो. तपासले. तसे असू शकते. नोंद ठेवली: ‘सापडलेल्या चुका – १’. कोणाच्या, हा रकाना मी आखलेला नाही.

जेवताना तिने मला गातो पिमां, डाळीची तिखट भजी, देऊ केली. घेतली नाही. लाच.

१५ मे, शुक्रवार

चिठ्ठी छापणारा भाग तपासायला घेतला. ऑफिसात प्रिंटर एकच, आणि त्यावर दिवसभर मिस्येंची पत्रे. इंद्राणीचा भाग दर वेळी थांबतो आणि स्क्रीनवर लिहितो, प्रिंटर तयार नाही. एक्केचाळीस वेळा थांबला. एक्केचाळीस चुका लिहिल्या.

ती म्हणाली, देवराज, ह्या चुका नव्हेत. प्रिंटर खरोखर तयार नाही, म्हणून तो तसे सांगतो. मी म्हणालो, चांगला भाग कुरकुर करत नाही. ती म्हणाली, चांगली माणसेही करत नाहीत. हसली. मला तिचे हसणे पहिल्या दिवसापासून आवडलेले नाही.

मिस्ये म्हणाले, भांडू नका, प्रिंटरशिवाय चाचणी होईल असे काहीतरी कर.

करणार.

२२ मे, शुक्रवार

केले. मासिकातून उतरवून घेतले. एकही अक्षर चुकले नाही, चार वेळा ताडून पाहिले. हा प्रोग्रॅम मशीन सुरू होताच मेमरीत जाऊन बसतो. कोणी विचारले, प्रिंटर तयार आहे का, तर सांगतो, आहे. चिठ्ठी आली की गिळतो आणि सांगतो, छापली. नावाला आठच अक्षरे चालतात, माझ्या नावाला इंग्रजीत सहाच लागतात. म्हणून त्याचे नाव देवराज.

तीनशे चिठ्ठ्या, तीनशे पास. मिस्येंनी चहाच्या वेळी आकडा मोठ्याने वाचला.

इंद्राणीने विचारले, त्या तीनशे चिठ्ठ्या आहेत कुठे? मत्सर माणसाला असे प्रश्न विचारायला लावतो.

७ जून, रविवार. ब्रीझे वेर्दिएर

बलराममामांकडे जेवलो. आईही होती. मामांचा दोन आर्पां जमिनीत ऊस आहे. काटा उघडेल त्या दिवशी पहिली लॉरी त्यांचीच. साऱ्या गावाला सांगून बसलेत, मो नेवे, माझा भाचा, त्याची मशीन वजन घेणार. मला म्हणाले, हे बघ बाबा, मशीन काय बोलते ते मला नको सांगू. कागद हातात पडला पाहिजे. कागद नाही तर उद्या मिलवाले म्हणतील, बलराम, तुझा ऊस आलाच नाही.

मी त्यांना तीनशेपैकी तीनशे समजावून सांगितले. मामी म्हणाली, आयो, तो जेवत नाही, नुसता बोलतो.

१२ जून

आज तत्त्वासाठी लढलो. काट्यावर न्यायची डिस्क इंद्राणी नव्याने बनवणार होती, फक्त तिचे भाग घेऊन. मी म्हणालो, जी डिस्क तपासली तीच जाईल, हुबेहूब, एकही फाइल कमीजास्त नाही. नाहीतर तपासले कशाला? मिस्ये म्हणाले, बोन, ठीक, मुलगा बरोबर बोलतो.

ती म्हणाली, मग निदान एक चिठ्ठी खऱ्या प्रिंटरवर काढून पाहू. मी विचारले, तीनशे पुरल्या नाहीत? डिस्क तपासल्याच्या फॉर्मवर सही मी केली. तारीख, वेळ, पूर्ण नाव.

जागा माझीच. आईला अजून सांगत नाही.

२२ जून, सोमवार. बों अक्योय

सविस्तर लिहीत नाही. फक्त मुद्दे.

७.०५. मामांची लॉरी काट्यावर. स्क्रीनवर: छापली. प्रिंटरमधून काही नाही. मी म्हणालो, पहिला कागद उशिरा येतो.

७.४०. सहा लॉऱ्या. छापली, छापली, छापली. लॉऱ्या ऊस उतरवायला मिलकडे गेल्या, शेतकरी चिठ्ठीसाठी अंगणातच. मी प्रिंटरचे बटण दाबून पाहिले. तो आपला आपण व्यवस्थित छापतो. म्हणजे प्रिंटरचा दोष नाही. म्हणजे इंद्राणीचा.

८.३०. सतरा लॉऱ्या. मागून कोणीतरी ओरडले, बलराम, तुझ्या भाच्याने ऊस हवेत मोजला! सगळे हसले. मामा हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, कागद दे रे. हाताने लिहून दे. मी म्हणालो, हाताने लिहिणे सिस्टिममध्ये बसत नाही.

८.४५. ऑफिसला फोन. इंद्राणीने उचलला. तिने आवाज चढवला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. म्हणाली, मशीन सुरू होताना जी फाइल चालते ती वाचून दाखव, ओळीओळीने. वाचली. चौथ्या ओळीला मी स्पेलिंग सांगू लागलो, डी, ई, व्ही. तिथे थांबलो. ती म्हणाली, पुढे मला येते. ती ओळ काढ आणि मशीन परत सुरू कर.

९.००. अठरावी लॉरी. चिठ्ठी आली. सुबक.

आधीच्या सतरा वजनांचे काय? छापली असे कळले की वजन पुसून टाकायचे, असा इंद्राणीचा भाग आहे. म्हणजे मूळ चूक तिचीच. मी हे मिस्येंना फोनवर सांगितले. त्यांनी फोन ठेवून दिला, म्हणजे त्यांना पटले असावे.

दुपारी काट्यावरच्या साहेबाने सतरा जणांना अंदाजाने सरसकट एकच वजन लावले. मामांची लॉरी सगळ्यांत जास्त भरलेली होती.

२८ जून, रविवार

ब्रीझे वेर्दिएरला गेलो नाही. बस मिळाली नसती. आई एकटी जाऊन आली. मामांनी तिला विचारले, देवराज अजून मशीनवर आहे का? ती म्हणाली, आहे. मामा म्हणाले, बरं, आणि गाईला पाणी पाजायला उठून गेले.

३० जून, मंगळवार

मिस्येंचे पत्र. इंद्राणी कायम. पत्रात टायपिंगच्या दोन चुका. लाल पेनने खुणा करून परत दिले. त्यांनी पुन्हा टाइप करून दिले. मजकूर तोच.

माझा मदतनीस ऑफिसच्या चाचणीच्या मशीनवर राहणार. इंद्राणी म्हणाली, काम चांगले आहे, फक्त तो खोटा आहे हे त्याने सांगायला हवे. आता तो चालू असला की स्क्रीनच्या वर ठळक ओळ येते: हा खरा प्रिंटर नव्हे. त्यासाठी तिला अर्धा तास लागला. मला विचारले असते तर मी आठवड्यात केले असते.

मलाही काढलेले नाही. उसाचा हंगाम संपेपर्यंत बों अक्योयला नेमणूक आहे. मिस्ये म्हणाले, काट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी प्रिंटर बघून सांगणारे कोणीतरी हवे. जबाबदारीचे पद आहे. पदाला नाव अजून दिलेले नाही.

१ जुलै, बुधवार. बों अक्योय

६.४०. काटा उघडायला वीस मिनिटे. बाहेर नऊ लॉऱ्या. मामांची नाही.

६.४५. इंद्राणीचा फोन. विचारले, प्रिंटर तयार आहे? मी म्हणालो, आहे. तिने विचारले, बघितलास का?

रिसीव्हर टेबलावर ठेवून उठलो. कागद घातलेला नव्हता. घातला, नीट बसला की नाही ते पाहिले, दिवा लागला ते पाहिले. परत आलो. ती लाइनवरच होती.