जमुनेचा वकील

अकोला, ता. ११ नोव्हेंबर १९३४

प्रिय रामराव,

परवा निकालानंतर मोर्शीच्या कोर्टात तू माझ्याशी बोलायला थांबला होतास आणि मी मोटार सुटते म्हणून निघून गेलो. मोटारीला अजून अर्धा तास होता. हरलो होतो, एवढंच. आता राग उतरला आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

नागपूरला कायदा शिकताना आपण एका खोलीत राहिलो. पण तू दर गुरुवारी मोर्शीच्या बाजारात कडुलिंबाखाली बसून गोरगरिबांना फुकट सल्ला देतोस हे कळलं, तेव्हा इथल्या वकिलांबरोबर मीही हसलो होतो. तानुबाई माळणीचा खटला मी हलका धरला तो त्यामुळेच. वाद तिच्या मयत नवऱ्याच्या बगीच्याचा. दोघे भाऊ एकत्र असतील तर बगीचा दिराचा, विभक्त असतील तर विधवेचा. वाटणीचा कागद नव्हताच. माझा अशील म्हणजे तिचा दीर, आणि त्याच्या बाजूने गावचे दोन वजनदार साक्षीदार. तुझ्याकडे कोण, तर भाजी विकणाऱ्या चार बाया.

त्यांतल्या गोदाबाईला मी उलटतपासात विचारलं, वाटणी झाल्याचं तुला काय ठाऊक, कागद पाहिलास? ती पदर सावरून म्हणाली, "म्या कागद नाही पाह्यला, वकीलसायेब. पन दोघा भावाची भाजी बारा वर्सं येगयेगळ्या ओट्यावर इकताना रोज पाह्यली. एकत्र असते तं एकमेकाचं गिऱ्हाईक कावून तोडलं असतं?" सगळं कोर्ट हसलं. मी पुढचा प्रश्नच विसरलो. मग चिडून विचारलं, हे तुला पढवलं कोणी? तर म्हणते, "रामरावसायबानं एकच सांगतलं. पाह्यलं ते सांग, नाही पाह्यलं तं नाही म्हन." वीस वर्षांच्या वकिलीत मी एकाही साक्षीदाराला इतकं साधं काही सांगितलेलं नाही. त्या बाया कोर्टात घाबरल्या नाहीत, हे तुझं काम. त्याची बरोबरी मला जमणार नाही.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. वाढता वाढता जमुना थांबली. माझी ही बहीण विधवा होऊन माहेरी आली एवढंच तुला माहीत आहे. खरं असं की तेल्हाऱ्याच्या दिरांनी तिला तेराव्यानंतर घराबाहेर काढलं. पोटगीचा आणि त्या घरात राहण्याचा तिचा हक्क मला तोंडपाठ होता. पण ते दीर माझे जुने अशील. घराण्याची अब्रू जाईल, सोडून दे, असं मी तिला म्हणालो. त्याला नऊ वर्षं झाली. परवा तिने विचारलं, "दादा, माहाही हक्क असंल का काही?" हो म्हणताना माझी मान वर होईना. दावा मीच लावतो म्हटलं, तर शांतपणे म्हणाली, "तुमी नका. नऊ वर्सं तुमी त्याइचेच वकील होते."

येत्या गुरुवारी ती तुझ्याकडे येईल, हे सांगायलाच हा कागद. माझी बहीण म्हणून तिला पुढे घेऊ नकोस. बाकीच्या बायांत बसून आपली पाळी येऊ देईन, असं तिनेच बजावलं आहे. तिला काय काय सांगून मी गप्प बसवलं, ते शपथेवर सांगायला मी येईन. मला समन्स काढ. दया दाखवू नकोस.

तुझाच,
केशव